परमुलखी पोलिसांच्या हाती सापडलेला आपला माणूस
(जुबिली महोत्सवाच्या निमित्ताने माहीम येथे केलेले भाषण)



जुबिलीच्या या मंगल प्रसंगी चार शब्द बोलण्याची आज्ञा उत्सवमंडळाने मला केली, तेव्हा पूर्वजांचे कष्ट, मंदिराची उभारणी, उपकारकर्त्यांची नामावळी अशा विषयांची अपेक्षा आपण केली असेल. त्या विषयांवर अधिकारी वक्ते बोलले आहेत. मी जो विषय घेणार आहे तो ऐकून काहीजणांस नवल वाटेल. कामधंद्यानिमित्त परदेशी गेलेला आपला माणूस तेथील लाचखाऊ पोलिसांच्या हाती सापडला, तर त्याचे कर्तव्य काय, आणि घरी राहिलेल्या आपणां सर्वांचे कर्तव्य काय, हा तो विषय होय.

जुबिलीशी याचा संबंध काय, असे कोणी विचारील. संबंध फार निकटचा आहे. लेवीयाच्या ग्रंथात पन्नासाव्या वर्षाचा जो विधी सांगितला आहे, त्याचा गाभा रणशिंगाच्या नादात नसून सुटकेत आहे. विकली गेलेली जमीन मूळ धन्याकडे परत जावी, दास्यात पडलेला मनुष्य आपल्या कुटुंबात परत यावा, हे त्या वर्षाचे व्रत. आपल्या प्रभूने नाझरेथच्या सभास्थानात यशयाचा ग्रंथ उघडून बंदिवानांच्या सुटकेचा भाग वाचला, तोही याच अर्थाने. तेव्हा ज्या धर्मग्रामाची मुले दूरदेशी राबत आहेत, त्याने आपल्या जुबिलीत त्या मुलांच्या मोकळेपणाची काळजी वाहिली तर ते अस्थानी नव्हे.

पूर्वी या किनाऱ्यावरून दूरदेशी जाई ते आपले विड्याचे पान. माहीम-केळव्याच्या वाड्यांतील पानाच्या करंड्या आगगाडीने उत्तरेकडे जात, आणि माळी मात्र आपल्या वाडीतच राही. आज माणसेच जाऊ लागली आहेत. कोणी आखाती देशांत बांधकामावर, कोणी तेलवाहू जहाजांवर, आणि बोईसर-तारापूरची औद्योगिक वसाहत उभी राहिल्यापासून तर कितीएक फिटर, वेल्डर आणि इंजिनियर यंत्रे बसवून देण्यासाठी महिना-पंधरा दिवसांकरिता परदेशांत पाठविले जातात. त्यांच्या कमाईतून घरे उभी राहिली, बहिणींची लग्ने झाली, आणि या मंदिरावरही भर पडली. परंतु त्या कमाईच्या वाटेवर कोठे कोठे नाके लागतात, हे ते घरी सांगत नाहीत.

अशाच एका तरुणाची हकीकत त्याच्या अनुमतीने सांगतो. पापनिवेदनाच्या जागी नव्हे, तर ओट्यावर बसून त्याने ती मला सांगितली. त्याच्या कारखान्याने त्यास आफ्रिकेतील एका देशी यंत्र बसविण्यासाठी पाठविले होते. व्हिसा त्या कामाचाच होता, कागद सर्व ठीक होते. शुक्रवारी संध्याकाळी बिऱ्हाडी परतताना रस्त्यावरील नाक्यावर बंदूकधारी पोलिसाने मोटार थांबविली, पासपोर्ट मागून घेतला, तो उलटसुलट पाहिला आणि आपल्या खिशात घातला. एक कागद कमी आहे, साहेब आता सोमवारी येतील, तोवर कोठडीत राहावे लागेल, असे तो म्हणाला. कोणता कागद ते सांगेना. मग मोटारचालकाने कानात सांगितले की दोनशे डॉलर दिले म्हणजे सोमवार आजच उजाडेल. तरुणाने पैसे दिले, पासपोर्ट मिळाला. पावती नव्हती म्हणून त्याच्या कचेरीने ती रक्कम मंजूर केली नाही. पण त्याचे दुःख त्याला नव्हते. त्याने मला विचारले, “फादर, मी लाच दिली. हे पाप माझ्या माथी आले काय?”

या प्रश्नाचे सरळ उत्तर देण्यासाठीच आज मी उभा आहे. परंतु उत्तरापूर्वी रोगाचे स्वरूप पाहिले पाहिजे.

हा व्यवहार जगात सर्वत्र एकाच रीतीने चालतो. पहिली पायरी, कागद आपल्या हातात घेणे. दुसरी, न समजणाऱ्या भाषेत एखादा मोघम दोष काढणे. तिसरी, वेळेचा धाक घालणे: विमान चुकेल, जहाज अडकेल, सुट्टी लागेल. आणि चौथी, दंड असा शब्द वापरून बिनपावतीचे पैसे मागणे. समुद्रावर हाच प्रकार सिगारेटींच्या रूपाने चालत आला आहे. सुएझच्या कालव्यात ठराविक पेट्या काढून ठेवाव्या लागत म्हणून जगभरच्या खलाशांनी त्यास ‘मार्लबोरो कालवा’ असे उपहासाने नाव ठेविले. ही पीडा इतकी माजली की 2011 साली जहाजकंपन्यांनी मिळून तिच्याविरुद्ध एक जागतिक संघटनाच स्थापन केली. कारण एकट्या जहाजाने नाही म्हटले तर ते अडते. सर्वांनी नाही म्हटले तर मागणाराच अडतो.

परदेशी मनुष्यच या लोकांस का सापडतो? त्यास भाषा येत नाही, कायदा ठाऊक नाही, त्यास घाई आहे, खिशात परकीय चलन आहे, आणि सर्वांत मोठी गोष्ट म्हणजे तो साक्ष देण्यास पुन्हा कधी येणार नाही. तो एकटा आहे. हा एकटेपणा हीच त्या पोलिसाची खरी बंदूक होय. हे एवढे ध्यानात ठेवा. पुढचे सारे विवेचन यातूनच निघते.

यावरून त्या देशाच्या लोकांस तुच्छ लेखण्याचा मोह आपणांस होऊ नये. जेथे शिपायास वेतन अपुरे मिळते, नेमणुकीसाठी त्यास वर पैसे भरावे लागतात, आणि वसुलीचा वाटा वरपर्यंत पोचवावा लागतो, तेथे कुंपणच शेत खाते. आणि हा रोग असाध्यही नाही. सिंगापुरात 1951 साली अफूच्या मोठ्या चोरीत खुद्द पोलीसच सामील असल्याचे उघडकीस आले, तेव्हा 1952 साली पोलिसांहून वेगळे असे लाच-तपास खाते तेथे निर्माण झाले. हाँगकाँगमध्ये गॉडबर नावाचा वरिष्ठ पोलीस अधिकारी चौकशी चालू असता 1973 साली इंग्लंडास पळाला. लोक रस्त्यावर उतरले, 1974 साली स्वतंत्र आयोग स्थापन झाला, आणि त्या अधिकाऱ्यास परत आणून तुरुंगात घालण्यात आले. जॉर्जिया देशाने तर 2004-05 च्या सुमारास सबंध वाहतूक पोलीस दलच मोडून नव्याने उभारले. ज्या शहरांत एके काळी पोलिसांची चिरीमिरी ठरलेली होती, तेथे आज पोलिसास पैसे देऊ करणारा स्वतःच तुरुंगात जातो. आपल्या मुलांनी हेही विसरू नये. एका देशात जे मागून घेतात, तेच दुसऱ्या देशात देऊ केल्यास गजाआड जावे लागते. म्हणून आपण होऊन पैशाची गोष्ट कधीही काढू नये, हा पहिला नियम.

आता पवित्र शास्त्राकडे वळू. कामानिमित्त देशोदेशी फिरणारा आणि पोलिसांच्या हाती वारंवार सापडलेला एक मनुष्य त्यात आहे; तो म्हणजे संत पौल. प्रेषितांच्या कृत्यांत त्याची हकीकत वाचताना मला नेहमी वाटते की परदेशी जाणाऱ्या प्रत्येक तरुणाने ती पाने या दृष्टीने एकदा वाचावी.

फिलिप्पै नगरात अधिकाऱ्यांनी त्यास चौकशीवाचून फटके मारून बंदीत टाकले, आणि दुसऱ्या दिवशी चोपदारांकरवी गुपचूप सोडून देण्याचा घाट घातला. पौलाने तसे जाण्यास नकार दिला. आपण रोमन नागरिक आहो, आपणांस उघडपणे मारिले, तर अधिकाऱ्यांनी स्वतः येऊन उघडपणेच बाहेर न्यावे, असा त्याने आग्रह धरला. आणि अधिकारी आले. पुढे यरुशलेमेत फटक्यांसाठी बांधले असता त्याने जवळच्या शताधिपतीस आपले नागरिकत्व सांगितले, त्यासरशी हात थांबले. म्हणजे संताने आपला हक्क योग्य वेळी आणि योग्य माणसासमोर सांगितला. हक्क सांगणे हा अहंकार नव्हे.

त्यास ठार मारण्याचा चाळीसांहून अधिक लोकांनी कट केला, तो त्याच्या बहिणीच्या मुलाने ऐकला आणि सरदारास कळविला. सरदाराने रातोरात मोठ्या बंदोबस्ताने पौलास कैसरियास पोचविले. येथे दोन गोष्टी दिसतात. कैद्याचा जीव वाचविला तो एका नातलग पोराने. आणि त्याच व्यवस्थेत एक कर्तव्यदक्ष अधिकारीही होता. परंतु कैसरियास गाठ पडली ती सुभेदार फेलिक्सशी. हा फेलिक्स पौलास वरचेवर बोलावून घेई, गोड बोले, धर्माच्या गोष्टी ऐके. आणि ग्रंथकार स्पष्ट सांगतो की पौलाकडून पैसे मिळतील अशी त्याची आशा होती. पैसे मिळाले नाहीत, म्हणून निरपराध मनुष्य दोन वर्षे बंदीत राहिला. मित्रांनी त्याची सेवा करावी एवढी मुभा मात्र होती. अखेर नव्या सुभेदारापुढे त्याने कैसराकडे दाद मागितली आणि प्रकरण स्थानिक हातांतून काढून घेतले.

परंतु कोणी म्हणेल, “पौल संत होता. माझ्या घरी दोन लेकरे आहेत. मी दोन वर्षे बसावे काय?” हा प्रश्न योग्य आहे, आणि चर्चच्या आचार्यांनी तो हलक्या हाती सोडलेला नाही. संत थॉमस अक्विनास यांनी तेराव्या शतकात यासारख्या प्रश्नांचा विचार केला आहे. व्याजखोराकडून कर्ज घेणाऱ्या गरजूविषयी लिहिताना ते दरोडेखोरांच्या हाती सापडलेल्या मनुष्याचे उदाहरण घेतात. त्याने जीव वाचविण्यासाठी आपला माल दाखवून दिला, तर लुटीचे पाप लुटणाऱ्याचे, त्याचे नव्हे. आणि चर्चमधील पदांच्या बाबतीत पैशाचा व्यवहार निषिद्ध ठरविताना ते एक बारीक भेद करतात. हक्क मिळण्यापूर्वी तो मिळावा म्हणून पैसे देणे हे पाप. परंतु हक्क एकदा निश्चित झाल्यावर कोणी अन्यायाने आड येत असेल, तर तो अडथळा पैसे देऊन दूर करणे क्षम्य. सेमिनरीत आम्ही यास छळापासून सोडवणूक म्हणत असू.

हा भेद आपल्या बोलीत सांगावयाचा तर लाच वेगळी आणि खंडणी वेगळी. जे माझे नाही ते मिळविण्यासाठी मी देतो ती लाच. जे माझेच आहे ते परत मिळावे म्हणून बंदुकीच्या धाकाने माझ्याकडून काढून घेतात ती खंडणी. त्या फिटरचा पासपोर्ट त्याचा होता, वाट त्याची होती, कागद पूर्ण होते. त्यास मी सांगितले, “बाळा, तू लाच दिली नाहीस, तू लुटला गेलास.” परंतु त्याच नाक्यावर दुसरा कोणी असता, जो प्रवासी व्हिसावर जाऊन चोरून काम करीत आहे आणि ते झाकण्यासाठी शिपायाच्या हातावर नोट ठेवीत आहे, तर त्याने अन्याय विकत घेतला असे म्हणावे लागेल. दोघांनी दोनशेच डॉलर दिले; पण एकाचे पैसे चोरीस गेले, दुसऱ्याने त्या पैशांनी माल घेतला.

म्हणून अशा प्रसंगी मनाशी तीन प्रश्न विचारावे. मी जे मागतो ते न्यायाने माझे आहे काय? माझ्या पैशाने तिसऱ्या कोणाची हानी होते काय, जसे की नादुरुस्त वाहन रस्त्यावर जाणे अथवा अपघातात सापडलेल्याची तक्रार दडपली जाणे? आणि दुसरा मार्ग मी खरोखर चोखाळून पाहिला काय? तिन्हींची उत्तरे निर्मळ असतील तर मन निःशंक असावे. एखाद्याच्या हातात शस्त्र असता पाकिटासाठी प्राण देण्याची आज्ञा चर्च करीत नाही. पण तिसरा प्रश्न पुष्कळांना नडतो. कारण दुसरा मार्ग असतो, परंतु तो आधी ठाऊक करून घेतलेला नसतो.

मानवी कायद्यांनीही याचा विचार केला आहे, आणि ते सर्व एकमताचे नाहीत. परदेशी अधिकाऱ्यांस लाच देण्याविरुद्धच्या 1977 च्या अमेरिकेच्या कायद्यात नेहमीचे सरकारी काम चालू व्हावे म्हणून दिलेल्या किरकोळ रकमेस सूट आहे. इंग्लंडच्या 2010 च्या कायद्यात तशी सूट नाही. आपल्या देशाच्या लाचलुचपत प्रतिबंधक कायद्यात 2018 साली दुरुस्ती झाली. तीप्रमाणे लाच देणाराही गुन्हेगार ठरतो. मात्र ज्यास बळजबरीने द्यावी लागली त्याने सात दिवसांच्या आत ते पोलिसांस अथवा तपास यंत्रणेस कळविले तर तो दोषी ठरत नाही. तो कायदा आपल्याकडील सरकारी नोकरांपुरता आहे. पण त्यामागील विचार संत थॉमस यांच्या भेदाशी किती जुळतो पाहा. लुटला गेलेला मनुष्य ओरडतो. विकत घेणारा गप्प बसतो. त्या ओरडण्यावरूनच दोघांची पारख होते.

आता परमुलखी अटक म्हणजे काय याची दोन उदाहरणे देतो. त्यांत पैसे मागितले गेले असे मी म्हणत नाही. परंतु परक्या सत्तेपुढे खलाशी किती असहाय असतो हे त्यांवरून कळेल. 2013 च्या जुलैत ‘ओशन सेंच्युरियन’ या तेलवाहू जहाजावर पश्चिम आफ्रिकेजवळ चाच्यांनी हल्ला केला. जहाजाचे कप्तान आपल्या मुंबईतील मालाडचे. लुटले गेल्यावर ते टोगो देशाच्या लोमे बंदरात आले, तर चाच्यांना सामील असल्याच्या संशयावरून त्यांनाच अटक झाली. ते तुरुंगात असता डिसेंबरात त्यांचे तान्हे मूल मुंबईत वारले. बाप येऊन त्यास पाहीपर्यंत कुटुंबाने अंत्यविधी थांबविला. सरकार, समाज आणि वृत्तपत्रे यांनी नेट लावला, आणि त्याच महिन्यात कप्तान सुटून घरी आले. दुसरे, 2022 च्या ऑगस्टातील ‘हिरोइक इदुन’ या जहाजाचे. त्यावरील 26 खलाशांपैकी 16 भारतीय होते. विषुववृत्तीय गिनी देशाने त्यांस अडकविले, सुमारे वीस लक्ष डॉलरांचा दंड वसूल केला, आणि तरीही त्यांस न सोडता नायजेरियाच्या हवाली केले. 2023 च्या मे महिन्यात त्यांची सुटका झाली. पैसे भरले म्हणजे प्रकरण मिटले, हा समज किती फोल आहे हे येथे दिसते. आपल्या शेजारचे डहाणू-तलासरीकडील खलाशी गुजरातच्या बोटींवर जातात आणि पाकिस्तानच्या हाती सापडून कराचीच्या तुरुंगात खितपत पडतात, हे तर आपणांस ठाऊकच आहे. 2008 च्या करारान्वये दोन्ही देश दर 1 जानेवारी आणि 1 जुलै रोजी कैद्यांच्या याद्या एकमेकांस देतात. पुष्कळ घरांना आपला माणूस जिवंत असल्याची खात्री त्या यादीवरूनच होते.

पौलापाशी रोमचे नागरिकत्व होते. आपल्या मुलांपाशी काय आहे? 1963 सालच्या व्हिएन्ना कराराचे छत्तिसावे कलम आहे. परक्या देशात अटक झालेल्या मनुष्यास त्याचा हा हक्क पोलिसांनी सांगितला पाहिजे, आणि त्याने मागणी केल्यास त्याच्या देशाच्या वकिलातीस विनाविलंब कळविले पाहिजे, असे ते कलम सांगते. कुलभूषण जाधव यांच्या प्रकरणात आंतरराष्ट्रीय न्यायालयाने 17 जुलै 2019 रोजी 15 विरुद्ध 1 मतांनी पाकिस्तानने हे कलम मोडल्याचा निर्णय दिला, इतके त्याचे वजन आहे. पण त्यातील एक शब्द विसरू नका: मागणी केल्यास. जो मागत नाही त्याच्यासाठी कोणी कळवीलच असे नाही. “मी भारतीय नागरिक आहे, माझ्या वकिलातीस कळवा,” हे एक वाक्य इंग्रजीत आणि त्या देशाच्या भाषेत प्रत्येकाने पाठ करून जावे.

याच धोरणाने आणखी काही गोष्टी सांगतो. निघण्यापूर्वी आपला व्हिसा आपल्या कामाचाच आहे ना हे पाहावे. मालक प्रवासी व्हिसावर कामाला पाठवीत असेल तर नम्रपणे नकार द्यावा, कारण नाक्यावर उभे राहावे लागते ते मालकाला नव्हे. भरतीदार सरकारदप्तरी नोंदलेला असावा. पासपोर्ट व व्हिसा यांच्या प्रती निराळ्या ठेवाव्या, एक प्रत घरी द्यावी. वकिलातीचा दूरध्वनी क्रमांक कागदावर लिहून खिशात ठेवावा, कारण मोबाइल पहिल्या झटक्यात काढून घेतात. दुसऱ्याचे गाठोडे, मग ते कितीही ओळखीच्याचे असो, नेऊ नये. 2023 साली मुंबईची एक अभिनेत्री कामाच्या निवडचाचणीसाठी शारजास निघाली असता तिच्या हाती दिलेल्या चषकात अमली पदार्थ लपविले होते. ती तेथे तुरुंगात पडली. मुंबईच्या पोलिसांनी खरे कारस्थान शोधून काढले तेव्हा सुटली. पोलिसांनी अडविले आणि पोलिसांनीच सोडविले, हेही सांगितले पाहिजे.

प्रत्यक्ष प्रसंगी आवाज चढवू नये, हात दिसतील असे ठेवावे, साहेब म्हणून बोलावे. दंड असेल तर पावती मागावी. पावती नसेल तर ठाण्यावर जाऊ म्हणावे; खोटे पोलीस तर ठाण्याचे नाव काढताच पसार होतात. आपल्याला घाई नाही असे दाखवावे, कारण तुमचा वेळ हा त्याचा माल आहे. तुम्ही तो फुकट देऊ लागलात की त्याचा भाव उतरतो. मात्र रात्र, निर्जन जागा आणि शस्त्र असे तिन्ही जमले असतील तर हुज्जत घालू नये. न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये. आणि सुटल्यावर त्याच दिवशी तारीख, वेळ, जागा, जमल्यास बिल्ल्याचा क्रमांक लिहून ठेवावा आणि मालकास व वकिलातीस खरे ते कळवावे. हिशेबात तो खर्च खोट्या नावाखाली घालू नये. लुटला गेलेला तेथे उगाच लबाड ठरतो. भारत सरकारने 2015 साली उघडलेल्या ‘मदद’ या संकेतस्थळावर घरच्यांनाही तक्रार नोंदविता येते. आणि अडचणीतील गरजूंस कायद्याचे साहाय्य मिळावे यासाठी वकिलातींपाशी एक निधीही असतो. खलाशांसाठी त्यांच्या संघटना आहेत, आणि 1920 साली ग्लासगो येथे सुरू झालेले आपल्या चर्चचे खलाशीसेवेचे कार्य ‘स्टेला मारिस’, म्हणजे सागरतारका, या नावाने अनेक बंदरांत चालते. परक्या बंदरात त्याचे दार ठोठावण्यास संकोच करू नये.

आता शेवटचे आणि थोडे कटू. आपल्या मुलाचा हात परदेशी नाक्यावर खिशाकडे इतक्या सहज का जातो? कारण तो हात आपण घरीच वळविला आहे. पासपोर्टच्या चौकशीस आलेल्या शिपायाच्या हातावर, कागद सर्व ठीक असूनही, न मागता चहापाण्याची नोट ठेवणारे बाप आपल्यात आहेत. आणि ते पाहत मुलगा दारात उभा असतो. तेथे बंदूक नव्हती, रात्र नव्हती, परका मुलूख नव्हता. त्यास खंडणी म्हणता येणार नाही. म्हातारी मेल्याचे दुःख नसते, काळ सोकावतो. आणि तो सोकावलेला काळ पुढे दुसऱ्या गरिबाच्या दारी बसतो, ज्याच्यापाशी ती नोट नसते. आपल्या समाजातील जी मुले पोलीस खात्यात आहेत, त्यांचा मला अभिमान आहे. योहान बाप्तिस्त्याकडे शिपाई विचारावयास आले तेव्हा त्याने त्यांस नोकरी सोडावयास सांगितले नाही. कोणास नाडू नका आणि आपल्या वेतनात तृप्त राहा, असा त्याच्या उपदेशाचा भाव होता. तुमच्या ठाण्यावर येणारा परप्रांतीय मजूर हाही परमुलखीच आहे. त्याच्याशी जे वागाल तेच आपल्या मुलांसाठी परदेशी मागण्याचा तुम्हांस हक्क राहील.

आणि आपण सर्वांनी एक दुष्ट सवय सोडावी. कोणाचा मुलगा परदेशी अडकला की “त्याने काहीतरी केलेच असेल” अशी कुजबूज सुरू होते, आणि लाजेने ते कुटुंब मंदिरात येईनासे होते. एकटेपणा ही पोलिसाची बंदूक असे मी म्हणालो. ती बंदूक आपण येथे माहीमात बसून भरून देतो. इब्री लोकांस लिहिलेल्या पत्रात बंदिवानांची आठवण आपणही त्यांच्यासह बंदीत असल्याप्रमाणे ठेवावी असा उपदेश आहे, त्याचा अर्थ अशा वेळी त्या घरी जाऊन बसणे असा आहे.

म्हणून उत्सवमंडळास माझी एक विनंती आहे. जुबिलीचे स्मारक म्हणून फरशी बसवा, घंटा बसवा. पण त्याबरोबर एक साधी वही घाला. परदेशी गेलेल्या प्रत्येकाचे नाव, देश, मालक, जहाज, पासपोर्टची प्रत आणि घरचा क्रमांक तीत असावा. ती वही कुलपात राहावी. दोन जाणत्या माणसांनी ती सांभाळावी, एका वकिलाने गरजेला साहाय्य द्यावे. रात्री दोन वाजता कोठून दूरध्वनी आला तर तो उचलणारे कोणी असावे. पुढील रविवारी मिस्सा झाल्यावर ती वही माझ्या टेबलावर ठेविलेली असेल. ज्यांची मुले बाहेर आहेत त्यांनी येऊन नावे लिहावी.

परमेश्वर आपल्या सर्व प्रवाशांचे रक्षण करो.